ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स की लॉकवाला अमेरिकन? वाडीत वापरायच्या घडीच्या चाकूबद्दल सविस्तर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावी आंबा-काजूची वाडी, नोकरी पुण्याला, महिन्यातून दोन फेऱ्या, अधूनमधून ट्रेक. खिशात ठेवायला एकच घडीचा चाकू घ्यायचाय आणि ओपिनेल नंबर 8 (फ्रेंच, लाकडी मुठीचा), व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर (स्विस, बिनलॉकचा) आणि स्पायडरको डेलिका (अमेरिकन कंपनीची, लॉकवाली) या तिघांत गाडी अडकलीय. एक मित्र म्हणतो बक 110 घे, आयुष्यभर टिकेल. दुसरा म्हणतो एवढे पैसे कशाला घालवतोस, चायनीज घे, स्टील तेच असतं. तर यातलं कुणाचं स्टील सगळ्यात भारी?

मी कलमं बांधतो, 26 वर्षं झाली. कोय कलमांच्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑगस्ट, दिवसाला दीडशे-दोनशे कलमं होतात, त्यात काप पाचशेच्या वर जातात, आणि उरलेलं वर्षभर दोरी कापणं, काजूच्या फांद्या साळणं, ठिबकची नळी कापणं, पोती उघडणं, दुपारी कांदा चिरणं हे सगळं खिशातल्या चाकूनंच चालतं. वरचे तिन्ही चाकू मी वापरलेत, बकही वापरलाय, चायनीज चार-पाच झाले. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो: पायोनियर घ्या, आणि करवत हवी असेल तर त्याचाच मोठा भाऊ फार्मर. स्टील बघून निवड करू नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

स्टीलचं वेड मलाही होतं. कागदावर बघितलं तर पायोनियर सगळ्यात खाली दिसतो, त्याची कडकपणाची मोजणी रॉकवेल या मापावर 55-56, ओपिनेलचं कार्बन पातं त्याच्या थोडं वर, डेलिकाचं जपानी व्हीजी-10 साठच्या आसपास, आणि महागड्या अमेरिकन चाकूंत एस30व्ही वगैरे येतं ज्यात 4 टक्के व्हॅनेडियम असतं. आकडा जितका वर तितकी धार जास्त टिकते हे खरंच आहे, खोटं नाही. पण वाडीत धार घासून जात नाही, ती बिघडते. खडा लागतो, सिमेंटच्या पाइपावर टेकते, दोरीत वाळू असते, आणि धारेला बारीक वळ किंवा खाच पडते. मऊ स्टील असलं तर धार वळते आणि बेल्टच्या चामड्यावर चार वेळा ओढली की परत सरळ होते. कडक स्टील असलं तर कपची उडते, आणि ती काढायला दगडावर अर्धा तास बसावं लागतं. एस30व्हीसारख्या स्टीलमधले व्हॅनेडियमचे कण तर आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या दगडापेक्षाही कडक असतात, दगड घासतोय असं वाटतं पण होत काही नाही, त्याला डायमंडची प्लेट लागते. ती तुमच्याकडे पुण्याला असेल, पण वाडीत चाकू बोथट होईल तेव्हा ती पुण्यातच असेल.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न हा की पातं किती पातळ आहे. कापण्याचं नव्वद टक्के काम पात्याचा आकार करतो, स्टील नाही. ओपिनेल नंबर 8 चं पातं पाठीपाशी जेमतेम 1.7 मिलिमीटर असतं, पायोनियर आणि डेलिका दोन्ही अडीचच्या आसपास, बक 110 तीन, आणि स्पायडरकोचाच पॅरामिलिटरी 2 नावाचा एक लोकप्रिय चाकू आहे तो साडेतीनच्या वर. एकदा एकच सुरण घेऊन हे सगळे ओळीनं चालवून बघा. ओपिनेल आत जातो तो आवाज न करता जातो, कापलेली बाजू ओलसर चकचकीत दिसते. पायोनियरला थोडा जोर लागतो पण काप सरळ येतो. जाड पात्याचा चाकू सेंटिमीटरभर आत गेला की कट्ट करून आवाज येतो आणि सुरण कापलं न जाता पुढे फुटतं, म्हणजे पातं तिथे पाचरीचं काम करतंय, धारेचं नाही. बकचं पातं जाड असलं तरी दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे धारेजवळ ते पातळच आहे, कातडं सोलायला, मांस-मासळी साफ करायला उत्तम चालतं, नावातच फोल्डिंग हंटर आहे, शिकाऱ्यांसाठीच 1964 साली काढलेला चाकू तो. पण जिथे वस्तू पात्यापेक्षा जाड असते तिथे तो अडकतो.

कलमाचं उदाहरण देतो म्हणजे पातळ पात्याचं महत्त्व कळेल. कोय कलमात आठ-पंधरा दिवसांचं कोवळं रोप घेतात, पानं अजून तांबूस असतात. शेंडा छाटायचा, देठाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची, आणि कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीची पाचर तासायची. ती पाचर एका ओढीत निघाली पाहिजे. मनगट हलवायचं नाही, कोपर मागे न्यायचं, पातं मुठीपासून टोकापर्यंत पूर्ण सरकलं पाहिजे. एका ओढीत निघाली तर तासलेली बाजू काचेसारखी दिसते, हिरवट पांढरी, कडेला सालीची बारीक ओळ. दुसऱ्यांदा पातं फिरवावं लागलं की मध्ये लाट येते, डोळ्याला दिसत नाही पण नखानं लागते, त्या लाटेखाली पोकळी राहते, पोकळीत पाणी साचतं आणि दहा-बारा दिवसांत काडी काळी पडते. मजूर म्हणतो रोप खराब होतं. रोप खराब नसतं, पातं जाड असतं किंवा धार गेलेली असते.

अर्थात एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, तुम्हाला रोजची कलमं करायची असतील तर यातला एकही चाकू घेऊ नका. त्यासाठी एका बाजूनं धार असलेला, दुसरी बाजू सपाट असलेला कलमाचा चाकू वेगळा मिळतो. जर्मनीतली टिना आणि व्हिक्टोरिनॉक्स या दोघांचे मी वापरतो. टिना कार्बन स्टीलचा, धार घेतो ती अशी घेतो की हातावरचे केस उडतात, पण संध्याकाळी पुसून तेल लावलं नाही तर सकाळी ठिपके हजर. व्हिक्टोरिनॉक्सचा स्टेनलेस, धार किंचित कमी पण पावसाळ्यात डोक्याला ताप नाही. डावखुरे असाल तर घेताना डावखुऱ्याचाच मागा, एका बाजूच्या धारेचा चाकू उलट्या हातात काडीत खोल शिरत जातो. महिन्यातून दोनदा जाणाऱ्या माणसानं दहा-वीस कलमं हौसेनं करायची तर पायोनियर नीट धार लावून चालतो, मी स्वतः करून बघितलंय.

आता ओपिनेल. हा चाकू मला मनापासून आवडतो आणि तरी तुम्हाला पहिला म्हणून सुचवत नाही. फ्रान्सच्या सावोय (Savoie) भागात, आल्प्सच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये हा काढला, 1 ते 12 नंबर लावले 1897 मध्ये, आणि मुठीच्या तोंडाशी फिरणारं ते लॉकचं कडं 1955 मध्ये आलं. बस, बाकी फारसं काही बदललेलं नाही. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक रिव्हेट, एक कडं, वजन पन्नास ग्रॅमच्याही आत. खिशात आहे हे विसरायला होतं. शेतकऱ्यासाठी केलेली वस्तू आहे आणि हातात घेतल्याबरोबर ते कळतं, कुठे टोचत नाही, कुठे रुतत नाही, तासभर काजूच्या काड्या साळल्या तरी तळव्याला फोड येत नाही. पायोनियरच्या बाबतीत हे मी म्हणणार नाही, त्याची मूठ सपाट आणि बारीक आहे, जोर लावायच्या कामात बोटं दुखतात.

पण लाकूड ते लाकूड. जूनमध्ये देवगड-रत्नागिरीकडची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको, मिठाचं पाणी होतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, मग चाकूची मूठ कशी सुटेल? लाकूड फुगलं की खोबण आवळते आणि पातं आत रुतून बसतं, नखानं उघडत नाही. सावोयमधले लोक मुठीची शेपटी लाकडी फळीवर ठोकतात, पातं धक्क्यानं थोडं बाहेर येतं, मग उघडतात, ही युक्ती आपल्याकडेही चालते. दुसरा उपाय म्हणजे नवा असतानाच, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, खोबणीत आणि सांध्यात जवसाचं तेल मुरवायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, परत लावायचं, असं तीनदा. वाटलं तर खोबणीच्या आतल्या बाजूनं पॉलिश पेपरची पट्टी हलकेच फिरवायची. एवढं केलं तर पावसाळा बऱ्यापैकी निभावतो. पण हे करायची ज्याला आवड आहे त्यानंच ओपिनेल घ्यावा.

कार्बन की स्टेनलेस, तर वाडीसाठी स्टेनलेस आणि घरासाठी कार्बन. कार्बनच्या पात्यानं कैरी कापली की दोन मिनिटांत पातं निळं-काळं होतं आणि कैरीच्या फोडीही कडेला काळसर पडतात, चवीला लोखंड लागतं. घाबरायचं कारण नाही, तो काळा थर पात्याला धरून राहतो आणि लाल गंजापासून थोडं वाचवतो. दहा-बारा कैऱ्या, कांदे, कोकमं कापून झाली की पातं एकसारखं राखाडी होतं, मग त्रास कमी होतो. लाल ठिपका दिसला की मात्र लगेच राखेनं नाहीतर बारीक पॉलिश पेपरनं काढायचा, तो खोल जातो.

तेलाचं पण सांगून ठेवतो कारण हे फार जण चुकतात. स्वयंपाकघरातलं सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सांध्यात सोडू नका, महिन्याभरात त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि चाकू उघडेनासा होतो. खोबरेल त्यामानानं बरं, पात्यावर लावायला तर उत्तमच, फणस कापताना आपण हाताला आणि सुरीला लावतोच, चीक धरत नाही. पण खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे चाकू काढलात तर सांधा घट्ट लागेल. सांध्याला शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, आणि जास्तीचं पुसून टाकायचं म्हणजे कांदा-काकडीला वास लागत नाही. आंब्याचा, काजूचा चीक वाळला असेल तर आधी रॉकेल किंवा थिनरचा बोळा, मग गरम पाणी-साबण, मग तेल.

लॉकबद्दल. मित्राचा बक आणि तुमची डेलिका दोन्हीत पाठीवर दांडी असते, पातं उघडलं की दांडीचं टोक पात्याच्या खाचेत पडतं आणि पातं मिटत नाही. चांगलं, भक्कम डिझाइन आहे. लोकांना वाटतं लॉक आहे म्हणजे बोटं सुरक्षित. माझी तर्जनी बघा. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी असाच एक पाठीला लॉकवाला चाकू वापरत होतो, काजूची वाळकी फांदी होती, टोक आत खुपसलं आणि पिळलं, आणि पातं सरळ बोटावर मिटलं. तीन टाके पडले, अजूनही थंडीत ते बोट आखडतं. घरी येऊन बघितलं तर लॉकच्या खाचेत काजूचा डिंक आणि माती मिळून सिमेंटसारखा गोळा बसलेला, दांडी अर्धीच आत जात होती, आणि उघडताना रोजच्यासारखा टक् आवाज आला नव्हता हे मला त्या वेळी जाणवलंही होतं पण मी थांबलो नाही. तेव्हापासून कुठलाही लॉकचा चाकू असो, उघडला की पाठीवर अंगठ्यानं एकदा दाबून बघतो, आणि आठवड्यातून एकदा खाच सुईनं कोरतो. पाठीच्या लॉकला माती चालत नाही. आतल्या पट्टीचा लॉक असतो त्यात मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, हात चिकट असेल तर ते मला आवडत नाही. आडव्या पिनेचा लॉक, जो बेंचमेडनं ॲक्सिस नावानं गाजवला, तो पाण्याखाली धरून धुता येतो, मातीत त्यातल्या त्यात बरा. आणि ओपिनेलचं कडं सगळ्यात साधं, त्यात माती गेली तर ते फिरायला जड होतं एवढंच, पण फिरलं की धरतं.

पायोनियरला लॉकच नाही, फक्त पाठीची स्प्रिंग आहे. हे मला कमतरता वाटत नाही. लॉक नाही म्हटल्यावर हात आपोआप जपून चालतो, टोकानं खुपसायचं, पिळायचं काम माणूस करतच नाही, त्यासाठी त्याच चाकूत आरी दिलीय, ठिबकच्या नळीला भोक पाडायला, चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला ती वापरायची. शिवाय डबा उघडायचं पान, त्याच्या टोकाला बारीक स्क्रूड्रायव्हर, बाटली उघडायचं पान, त्यालाच मोठा स्क्रूड्रायव्हर. पंपाचं कव्हर, टॉर्चचे सेल, मोटरच्या पेटीचा स्क्रू, ही कामं वाडीत धारेच्या कामाइतकीच येतात, आणि ती लोक पात्याच्या टोकानं करतात म्हणून निम्म्या चाकूंची टोकं मोडलेली असतात. ॲल्युमिनियमच्या मुठीला पाऊस लागत नाही, फुगत नाही, गरम पाण्यात टाकून ब्रशनं धुवा, झाडून सुकवा, झालं. वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. बकचं दोनशे ग्रॅम आहे, पितळ आणि लाकूड, दिसायला देखणा, आयुष्यभर टिकतो हे मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण लुंगीत काय आणि ट्रॅकपँटच्या खिशात काय, दोनशे ग्रॅम लोंबकळतं, मग माणूस तो घरी ठेवून येतो. घरी राहिलेल्या चाकूची धार कितीही चांगली असली तरी दोरी दातानंच तोडावी लागते.

डेलिका कुणी घ्यावी तेही सांगतो कारण तो चाकू अन्यायानं बाजूला टाकायचा नाही. स्पायडरको ही कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची कंपनी, 1981 मध्ये यांनी पात्याला गोल भोक पाडलं आणि मुठीला खिशाला अडकवायची क्लिप लावली, आज जिकडेतिकडे क्लिपवाले चाकू दिसतात ते तिथून. भोकात अंगठा घालून एका हातानं उघडतो. तुम्ही झाडावर चढून काम करत असाल, एक हात फांदीला, तर याच्यासारखा चाकू नाही, तिथे पायोनियर नखानं दोन हातांनी उघडत बसणं म्हणजे पडायला निमंत्रण. शिडीवरून, झाडावरून काम करणाऱ्या माझ्या दोन माणसांना मी लॉकवाले, एका हातानं उघडणारेच दिलेत. आणि समुद्रावर जाणारं कुणी असेल, होडीवाले, जाळीवाले, तर याच कंपनीची सॉल्ट नावाची मालिका आहे, त्यात नायट्रोजनचं स्टील वापरतात आणि ते खाऱ्या पाण्यात गंजत नाही, अगदी खरंच गंजत नाही. महाग आहे पण होडीवर दर दोन महिन्यांनी गंजका चाकू फेकणाऱ्याला ते परवडतं.

चायनीज. "स्टील तेच असतं" हे अर्धं खरं. पोलादाचं नाव तेच असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड करून कडक कसं केलंय, त्यावर सगळं आहे, आपले लोहारही हेच सांगतात, एकाच पट्टीचे दोन कोयते, एक वर्षानुवर्षं टिकतो, दुसरा महिन्यात वाकतो. बकचंच घ्या, 420एचसी म्हणजे कागदावर अगदी मामुली स्टील, पण पाणी इतकं नीट दिलेलं असतं की नावानं भारी स्टीलचे कितीतरी चाकू त्याच्यापुढे टिकत नाहीत. चायनीज सगळे वाईट हेही चूक आहे, ग्वांगडाँगमधल्या यांगजियांगला चाकूंचे मोठे कारखाने आहेत, सिव्हिव्हीसारख्या कंपन्यांचं फिटिंग बघितलं तर अमेरिकन चाकूला लाज वाटावी. फक्त घेताना डी2 स्टील लिहिलेलं असेल तर कोकणासाठी थांबा. त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं पण बरंचसं कार्बनशी बांधलेलं, त्यामुळे ते ना धड स्टेनलेस ना धड कार्बन, खाऱ्या हवेत धारेवर ठिपके धरतं, आणि घासायलाही कडक. देशावर, कोरड्या हवेत ठीक.

व्हिक्टोरिनॉक्सच्या नावानं नकली माल भरपूर येतो. पात्याच्या मुळाशी ठसा बघा, व्हिक्टोरिनॉक्स आणि स्विस मेड असं स्पष्ट कोरलेलं पाहिजे. पानं उघडताना सगळ्यांचा ताण जवळपास सारखा लागतो, मिटताना टप् असा भरीव आवाज येतो, आणि उघडा चाकू उजेडासमोर धरला तर पट्ट्यांच्या मधून उजेड दिसत नाही. लायोल नावाचे मधमाशीवाले फ्रेंच चाकू दिसतील, ते एका गावाचं नाव आहे, कंपनीचं नाही, कुणीही कुठेही बनवून ते नाव लावतं, तेव्हा नावावर जाऊ नका.

घरात जुना लाल चाकू पडलेला असेल तर तोही बघा, कदाचित वेंगर निघेल. माझे चुलते बोटीवर होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात आणलेला वेंगर आमच्याकडे अजून चालू आहे. स्विस सैन्याला चाकू पुरवणाऱ्या या दोन कंपन्या, श्वित्झजवळच्या इबाखची व्हिक्टोरिनॉक्स आणि डेलेमॉंची वेंगर, 1908 पासून सरकारनं काम दोघांत निम्मं निम्मं वाटलेलं. एक स्वतःला ओरिजिनल म्हणायची, दुसरी जेन्युइन. शेवटी 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं वेंगर विकत घेतली आणि काही वर्षांनी वेंगर नावाचे चाकू बंदच झाले. गंमत म्हणजे डबा उघडायची पद्धत दोघांची उलट, व्हिक्टोरिनॉक्सचं पान पुढे पुढे सरकवत न्यायचं, वेंगरचं मागे मागे. घरात दोन्ही असतील तर नवीन माणूस दर वेळी गोंधळतो. कात्री मात्र मला वेंगरचीच आवडते, दातेरी असल्यामुळे प्लास्टिकची पट्टी निसटत नाही. जुना असला तर फेकू नका, स्प्रिंग शाबूत असेल तर एका दुपारी नवा होतो.

धार. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक, तो पुरे. दगड आधी पाण्यात बुडवून ठेवा. पातं दगडावर सपाट ठेवून पाठ उचलायची, किती, तर पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. पायोनियरचं पातं दीड सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे पाठ साधारण चार मिलिमीटर वर. तोच कोन धरून, दगडावरून पातळ काप काढतोय अशा बेतानं पुढे ढकलायचं, मुळापासून टोकापर्यंत. एका बाजूनं वीस-पंचवीस वेळा झालं की दुसऱ्या बाजूला बोटाचं पेर आडवं फिरवून बघा, बारीक खरखरीत कड लागेल. ती कड पूर्ण लांबीला लागली की बाजू बदला, त्याआधी नाही, धार न येण्याचं दहापैकी नऊ वेळा हेच कारण असतं. मग बारीक बाजूवर तेच, हात हलका, आणि शेवटी जुन्या चामडी बेल्टच्या उलट्या बाजूवर पाठीकडून ओढायचं. टोमॅटोवर नुसतं ठेवून ओढलं आणि साल कापली गेली की झालं. सायकलवर यंत्र घेऊन धारवाला येतो त्याच्याकडे विळे-कोयते द्या, हे चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार क्षणात तापते, निळा डाग दिसला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, मग तिथे धार राहतच नाही, तेवढं स्टील घासून काढल्याशिवाय इलाज नाही.

कायद्याचं एकदा वाचून घ्या. शस्त्र कायद्यात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विचार आहे आणि घरगुती, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, आपले हे चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. पण सणासुदीला, निवडणुकीत शहरांत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात चाकू येतो, तेव्हा पुण्यात खिशात घेऊन फिरू नका, ट्रेकच्या सॅकमध्ये खाली, जेवणाच्या सामानात ठेवा. बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा चाकू तर घेऊच नका, कुणी भेट दिला तरी. विमानात चेक-इनच्या बॅगेत. आणि कुणी नातेवाईक इंग्लंडला असेल आणि त्याच्यासाठी घेत असाल तर तिथे लॉक नसलेला, 3 इंचांच्या आतल्या धारेचा घडीचा चाकूच विनाकारण जवळ बाळगता येतो, म्हणजे पायोनियर चालतो, डेलिका आणि ओपिनेल नंबर 8 लॉकमुळे चालत नाहीत.

तर तुमच्यासाठी पायोनियर. पैसे उरले तर त्यातून दगड घ्या, आणि पुढच्या मे महिन्यात कार्बनचा ओपिनेल नंबर 8 घेऊन त्याला जवसाचं तेल पाजा, तो वाडीच्या घरात विळीशेजारी ठेवा, कैऱ्या चिरायला. वाडीत माणसं झाडावर चढवत असाल तर त्यांच्यासाठी एक एका हातानं उघडणारा लॉकवाला वेगळा घ्या, तो त्यांच्याकडेच असू दे, आणि दर शनिवारी त्याची खाच सुईनं कोरायला सांगा.